मिक्सरला थांबता येत नाही

नवा स्टँड मिक्सर घरात आला की पहिल्या महिन्यात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, एवढे पैसे घालूनही केक आधीपेक्षा चिवट झाला. दुसरी, पावाचं पीठ चिकट आणि सैल पडलं, हातानं मळत होतो तेव्हा असं होत नव्हतं. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात, आणि दोन्हींचं खापर बहुधा कंपनीवर नाहीतर मैद्यावर फुटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. यंत्र सांगितलेलं काम चोख करतं, इतकं चोख की ते पुरं झाल्यावरही करतच राहतं. पीठ किती तापलं, लोणी किती फुललं, कुठं थांबायचं, हे हाताला न शिकवता कळत होतं, म्हणून ते आकड्यांत मांडायची गरज आपल्याला कधी पडली नाही. मिक्सर घेतला की ती पडते. नांदेड-लातूरकडे तर जरा जास्तच पडते, कारण यंत्रासोबतची पुस्तिका आणि बहुतेक पाककृती 20 ते 22 अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 गाठतो.

या विषयाला दोन बाजू आहेत, म्हणून दोन व्यक्ती कल्पून त्यांच्या तोंडी त्या देतो. एक नांदेडची मावशी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, हाताच्या बाजूची. दुसरी तिची लातूरची भाची, घरातून केकच्या ऑर्डरी घेणारी, यंत्राच्या बाजूची. माणसं काल्पनिक आहेत, मुद्दे मात्र नव्हेत. मधूनमधून मी तोंड घालीन.

मावशी : काय करायलीस गं त्या धुडाचं? मला यंत्राचं वावडं नाही. पुरणयंत्र माझ्याकडं आहे, पाटा-वरवंटा कधीचाच मागच्या अंगणात गेला. पण ती यंत्रं माझ्या हाताला न जमणारं किंवा कंटाळवाणं काम करतात. मळणं हे मला जमणारं काम आहे. आपण मूळची ज्वारी खाणारी माणसं. काथवटीत तळहाताखाली भाकरीचं पीठ रगडायचं, त्यात ग्लूटेन नसतंच, सगळी करामत गरम पाण्याची आणि हाताच्या दाबाची. ज्वारीला तुझं हुक कितीही फिरव, ती ताणली जाणार नाही. उरला गहू. गव्हाची कणीक भिजवून झाकून ठेवली की अर्धं काम आपोआप होतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. आणि आता तर अमेरिकेतल्या बेकरनंही तेच सांगितलंय. न्यूयॉर्कच्या जिम लाहीनं मळायचंच नाही असा पाव केला, 2006 साली तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रात त्याची कृती आली आणि जगभर गेली. मैदा, मीठ, चिमूटभर यीस्ट, बरंच पाणी, आणि 12 ते 18 तास नुसतं ठेवून द्यायचं. काळच मळतो. मग वीज जाळून दहा मिनिटांत तेच करायची घाई कशाला?

भाची : मावशी, काळ मळतो हे अगदी कबूल. पण लाहीच्या त्या कृतीत खोलीचं तापमान साधारण 21 अंश धरलंय. तेवढं पीठ नांदेडात एप्रिलच्या रात्री 18 तास ठेव, सकाळी आंबट घमघमाट सुटेल आणि पिठाला हात लावला की धागेच धागे. काळ मळतो तसा काळ नासवतोही, आणि कोणतं आधी होईल ते हवा ठरवते. थंडीच्या दिवसांत तुझा मुद्दा बिनतोड आहे, आपल्याकडे थंडी किती महिने, ते तूच सांग. आणि मी मिक्सर मुळात मळण्यासाठी घेतलाच नाही. केकसाठी घेतला. लोणी आणि साखर फेसून त्यात हवा भरणं, हे काम हात करू शकतो, पण आठ-दहा मिनिटं एकसारखं नाही करू शकत. खांदा दुखायला लागला की आपण मनाशी म्हणतो, झालं असेल. ते झालेलं नसतं.

भाचीचा हा दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. केक फुगवण्याचं श्रेय आपण बेकिंग पावडरला देतो. पण बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही. तिच्यातून निघणारा वायू आधीपासून असलेल्या बारीक बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांना मोठं करतो. ते मूळ बुडबुडे येतात कुठून? साखरेच्या कणांच्या धारदार कडा घट्टसर लोण्यातून जाताना हवेला आत ओढतात, तिथून. म्हणून फेसलेलं लोणी पांढुरकं होतं आणि आकारानं वाढतं. पावडर दुप्पट घालून ही उणीव भरून निघत नाही, उलट मोठेमोठे बुडबुडे एकमेकांत मिसळून वर येतात, फुटतात आणि केक मधोमध बसतो. म्हणजे मिक्सरचं खरं काम ओव्हनमध्ये ट्रे जाण्याच्या अर्धा तास आधी, मैदा भांड्यात पडण्यापूर्वीच संपलेलं असतं.

इथं साखरेचा विषय ओघानं येतो. लातूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा, तेव्हा तिथल्या वाचकाला एम-30 आणि एस-30 या प्रती सांगायला नकोत. एम-30 चा दाणा जाड, तो आठ मिनिटांतही लोण्यात विरत नाही आणि केकच्या वरच्या बाजूला तपकिरी ठिपके उमटतात. उलट बाजारची पिठीसाखर इतकी बारीक की तिला कडाच उरत नाहीत, हवा कमी भरते. बारीक दाण्याची एस-30 घेऊन चटणीच्या मिक्सरमधून दोन-तीन झटके द्यावेत, रव्याइतकी झाली की थांबावं. परदेशी कृतीत ज्या बारीक साखरेचं नाव असतं ती याहून फार वेगळी नसते.

मावशी : तुझं लोण्याचं शास्त्र मान्य. पण मग सांग, हाताचा केक मऊ आणि मशीनचा चिवट, असं बायका म्हणतात ते काय उगीच? आणि आमच्या भट्टीवाल्याची नानकटाई बघ. दिवाळीच्या आधी घरचं तूप, साखर, मैदा घेऊन जायचं आणि ट्रे भाजून आणायचे. तो गडी ओट्यावर तळहातानं तूप घासतो, त्याच्याकडं ना हुक ना व्हिस्क. तोंडात टाकली की विरघळते. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, उस्मानिया बिस्किटाच्या प्रदेशातली चव आहे ती, कालपरवाची नाही.

भाची : भट्टीवाल्याला नावं कोण ठेवतंय? पण तो काय करतो ते नीट बघ. तूप पांढरं होईपर्यंत भरपूर घासतो, आणि मैदा पडल्यावर जेमतेम गोळा होईपर्यंतच हात लावतो. घोटणं सगळं आधी, नंतर जवळजवळ काही नाही. मशीनवालीचं नेमकं उलट होतं. लोणी-साखरेला ती दोन मिनिटं देते, कारण आवाजाचा त्रास होतो, आणि मैदा घातल्यावर गुठळ्या जाव्यात म्हणून पाच मिनिटं चालू ठेवते. गुठळ्या जातात आणि ग्लूटेन येतं. चिवटपणा तिथला. मशीनचा त्यात एवढाच दोष की तिच्यात पाच मिनिटं चालवणं फार सोपं आहे. हातानं कोणी पाच मिनिटं ढवळलं नसतं.

मावशी जिंकायला हवी होती तिथं भाची जिंकली, पण तिचं उत्तर मावशीच्या बाजूला झुकतं हे तिच्या लक्षात आलेलं नाही. हात थकतो हाच त्याचा गुण होता. थकवा हे थांबायचं घड्याळ होतं. ते काढून घेतल्यावर दुसरं घड्याळ लावावं लागतं. मैदा घातल्यानंतर सगळ्यात कमी वेग आणि वीस-तीस सेकंद, मग यंत्र बंद, तळाशी राहिलेलं पीठ स्पॅच्युलानं वर घ्यायचं आणि उरलेलं हातानं. बिनअंड्याच्या केकला तर हे दुप्पट लागू, आणि आपल्याकडे पुष्कळ घरांत बिनअंड्याचाच मागतात. अंडं नसलं की रचना धरून ठेवायला फक्त मैदा आणि दुधाचे घटक उरतात, शिवाय दह्याची आणि सोड्याची गाठ पडताच वायू सुटायला लागतो. प्रत्येक जादा मिनिट म्हणजे चिवटपणा वाढणं आणि वायू निसटणं, दोन्ही एकदम.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे उष्णतेकडे. लोणी फेसायला ते 18 ते 20 अंशांच्या आसपास असावं लागतं, बोटानं दाबलं तर खड्डा पडेल पण चकाकणार नाही असं. कृतीत लिहिलेलं असतं, ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणा.’ लातूर-नांदेडच्या मेमध्ये हे वाक्य अक्षरशः पाळलं तर भांड्यात तेल उरतं, कारण 32 ते 35 अंशांना लोणी वितळतंच. तेलात हवा राहत नाही. तेव्हा लोणी फ्रिजमधून काढून तुकडे करावेत आणि थेट भांड्यात टाकावेत. बीटरच्या घर्षणानं ते दोन-तीन मिनिटांत हव्या त्या मऊपणाला येतं. घरचं रवाळ तूप उन्हाळ्यात पातळ असतं, नानकटाईसाठी ते आधी फ्रिजमध्ये थिजवून घ्यावं. भट्टीवाले विकायच्या नानकटाईला वनस्पती तूप का वापरतात याचं एक कारण स्वस्ताई आहे, दुसरं हे की ते लोण्यापेक्षा जास्त तापमानाला वितळतं. उन्हाळ्यात त्यांची नानकटाई बसत नाही आणि आपली बसते, त्यात हाताच्या कौशल्याइतकाच डालड्याचा हात आहे. मावशीनं हे ऐकलं तर रागावेल.

मावशी : रागावत नाही. पण हे सगळं लोण्याचं झालं. पावाचं काय? मशीननं पीठ चिकट होतं, अशीच तक्रार असते ना?

भाची : पावाला तर हिशेबच मांडावा लागतो, आणि तो तुला आवडेल, कारण सातवीचं गणित आहे. पाव करणारे ठरवतात की मळून झाल्यावर पीठ साधारण 26 अंशांवर असावं. त्याची तिप्पट, 78. त्यातून तीन गोष्टी वजा करायच्या : खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि यंत्राच्या घर्षणाचा आकडा. उरतं ते पाण्याचं तापमान. माझ्या मिक्सरचा घर्षणाचा आकडा 12 आहे. याचा अर्थ पीठ 12 अंशांनी तापतं असा नव्हे, तिपटीच्या हिशेबात तो तिप्पट दिसतो, प्रत्यक्षात चारेक अंश. डिसेंबरात खोली 20, मैदा 20, तर 78 वजा 52, म्हणजे 26 अंशांचं पाणी. नळाचं चालतं. मे महिन्यात खोली 38, मैदा 37, तर 78 वजा 87. उणे 9! असं पाणी नसतं. म्हणजे बर्फ. 300 ग्रॅम पाणी लागत असेल आणि नळाचं पाणी 32 अंश असेल, तर त्यातलं 110 ग्रॅम बर्फाच्या रूपात घालायचं, बर्फ वितळताना दर ग्रॅमला 80 कॅलरी उष्णता शोषतो ना, त्यावरून. नाहीतर मैदा रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. मैदा 10 अंश झाला तर पाणी 18 चं लागतं, माठाचं आणि फ्रिजचं मिसळलं की झालं.

मावशी : आणि हा 12 आकडा तुला कोणी सांगितला?

भाची : कोणी नाही. काढला. एकदा नेहमीसारखं पीठ मळलं, काट्याच्या थर्मामीटरनं मोजलं, 31 भरलं. तिप्पट 93. त्या दिवशी खोली 33, मैदा 32, पाणी 16, बेरीज 81. फरक 12. हाताचा आकडा तीन-चारच्या पुढं जात नाही. म्हणून तू हातानं मळतेस तेव्हा पीठ बिघडत नाही आणि मी त्याच पाण्यात, त्याच मैद्यात मळलं तर बिघडतं. पीठ तिशीच्या पुढं गेलं की यीस्ट उधळतं, ग्लूटेन सैलावतं, चिकटतं. मग आपण आणखी मैदा घालतो, पाव दगड होतो.

या संवादातला सगळ्यात उपयोगी आकडा हाच आहे, आणि तो प्रत्येकीनं आपल्या यंत्राचा काढून घ्यावा. किती वॅटची मोटर, किती लिटरचं भांडं, किती पीठ, यांवर तो बदलतो. दुसऱ्याच्या 12 वर विसंबू नये. हिशेब अंदाजाचाच आहे, पण मिनिटांपेक्षा चांगला अंदाज आहे. पुस्तिकेत ‘दहा मिनिटं मळा’ लिहिणाऱ्याला तुमचं स्वयंपाकघर ठाऊक नसतं. चक्कीवरून नुकतंच आणलेलं पीठ हाताला गरम लागतं, ते त्याच दिवशी भांड्यात टाकणं म्हणजे हिशेब सुरू होण्याआधीच बिघडवणं. आणि मळून झालं की नाही हे घड्याळ पाहून नव्हे तर पिठाचा लहान गोळा बोटांनी हळूहळू ताणून पाहावं, फाटण्याआधी पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा होत असेल तर झालं. लोकवन गव्हाच्या पिठाला मैद्याइतका पातळ पडदा कधीच येत नाही, कोंड्याचे कण त्याला कापतात, खपलीला तर त्याहून कमी येतो. त्यांना मैद्याच्या कसोटीनं दामटू नये.

मावशी : म्हणजे तुझी मशीन थंड ठेवायला बर्फ, बर्फाला फ्रिज, फ्रिजला वीज, आणि मोजायला थर्मामीटर. माझ्या हाताला यातलं काही लागत नाही. आणि पाण्याचं म्हणशील तर लातूरची कथा जगाला माहीत आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तुमच्याकडं. तिथं तू भांडं, बीटर, व्हिस्क, हुक धूत बसणार.

भाची : धुण्याचं पाणी परातीलाही लागतं, मावशी. पण पाण्याचा मुद्दा तू वेगळ्या अंगानं काढायला हवा होतास. आमच्याकडे एक दिवस बोअरचं, एक दिवस टँकरचं, एक दिवस आरओचं. बोअरच्या जड पाण्यात ग्लूटेन ताठ होतं, पीठ ओढायला कठीण जातं आणि यीस्ट मंदावतं. आरओच्या फार हलक्या पाण्यात तेच पीठ लिबलिबीत. हाताला हा फरक पहिल्याच मिनिटाला कळतो, मिक्सरला शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून मी सगळं पाणी एकदम ओतत नाही. दहावा हिस्सा मागं ठेवते, दोन मिनिटांनी मशीन थांबवून पीठ हातात घेते, मग ठरवते. आणि भिजवून वीस-तीस मिनिटं तसंच ठेवते, मीठ-यीस्ट नंतर. तू म्हणतेस ते मुरवणंच. फ्रान्समध्ये रेमों काल्व्हेल या पावाच्या जाणकारानं 1974 मध्ये हेच मांडलं, आणि तेही यंत्रांच्या अतिरेकावर उतारा म्हणून.

काल्व्हेलचं नाव आलं ते बरं झालं, कारण यंत्राविरुद्धचा सगळ्यात भक्कम आक्षेप त्याचाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या बेकऱ्यांनी वेगवान आणि लांबलचक मळणी सुरू केली. पाव फुगले, पांढरेशुभ्र झाले, खपलेही. पण पिठात सतत हवा घुसळल्यानं मैद्यातला पिवळसर रंग देणारे कॅरोटीन गटातले घटक नष्ट झाले आणि त्यांच्याबरोबर चवही गेली, असं काल्व्हेलचं म्हणणं. इंग्लंडमध्ये चॉर्लीवूडच्या संशोधन केंद्रानं 1961 मध्ये याच दिशेनं टोक गाठलं, काही मिनिटांच्या जबर मळणीत तासांची आंबवणी वाचवली. त्या पावाला स्वस्ताई मिळाली, चवीबद्दल इंग्रज आजही कुरकुरतात. तेव्हा मावशीची शंका जुन्या वळणाची म्हणून झटकण्यासारखी नाही. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष यंत्र टाका असा नाही, कमी चालवा असा आहे. भिजवलेलं पीठ आधी मुरलं असेल तर दुसऱ्या नंबरच्या वेगावर चार-पाच मिनिटं पुरतात. घरगुती मिक्सरच्या बहुतेक पुस्तिका हुकसाठी त्याहून जास्त वेग नको म्हणतात, त्यामागे गिअर वाचवण्याची काळजी आहे. चवही वाचते.

भाची : आणि पुरणपोळीची कणीक विसरू नकोस. सैल, तेलाची, हाताला चिकटणारी. ती तिंबायला सणाच्या दिवशी तुझ्याही घरात दोघीजणी लागतात.

मावशी : ते मान्य. कणीक तिंबणं मशीननं करावं. पोळी मशीननं लाटू नये.

भाची : त्यावर वाद नाही. आमच्या शेजारच्या गल्लीत कार्याला दीडशे माणसांची कणीक यंत्रात मळतात आणि लाटायला बायका असतात. तुमच्या नांदेडात तर लंगरची परंपरा आहे. मोठ्या गुरुद्वारांच्या लंगरांत कणीक मळायला यंत्र असतं आणि रोट्यांवर सेवेकऱ्यांचे हात असतात.

हे दृश्य स्टँड मिक्सरच्या जन्मकथेशी जुळतं. हे यंत्र घरासाठी जन्मलंच नव्हतं. अमेरिकेतल्या ओहायोत हॉबार्ट कंपनीचा अभियंता हर्बर्ट जॉन्स्टन यानं 1908 मध्ये एका बेकरला लोखंडी चमच्यानं पीठ कालवताना पाहिलं आणि कल्पना सुचली. पहिली यंत्रं बेकऱ्यांसाठी आणि मग नौदलाच्या जहाजांसाठी बनली. घरगुती रूप 1919 मध्ये आलं, किचनएड एच-5 या नावानं, वजन सुमारे 30 किलो, किंमत 189 डॉलर 50 सेंट. त्यातली खुबी अशी की भांडं स्थिर राहतं, बीटर स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी उलट दिशेनं भांड्यालाही फेरी घालतो. हे नीट चालायचं तर बीटर तळाला जवळजवळ टेकेल इतका खाली हवा, टेकता मात्र कामा नये. नव्या यंत्रात ही जागा अनेकदा चुकलेली असते. रिकाम्या भांड्यात छोटं पातळ नाणं टाकून कमी वेगावर बीटर फिरवावा : प्रत्येक फेरीला नाणं किंचित सरकलं तर ठीक, जागचं हललं नाही तर बीटर उंच आहे, सतत ढकललं गेलं तर खाली आहे. बहुतेक यंत्रांना त्यासाठी एक स्क्रू असतो. तळाशी सुकी साखर राहते ही तक्रार बहुधा याच स्क्रूची असते. जाता जाता : परदेशातल्या मुलानं पाठवलेलं 120 व्होल्टचं यंत्र आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावू नये, मोटर जळते.

मावशी : एवढं सगळं ऐकलं. आता माझा शेवटचा प्रश्न, आणि याला पुस्तकी उत्तर देऊ नको. तुझ्या ऑर्डरी किती किलोच्या असतात?

भाची : बहुतेक अर्धा किलोच्या. वाढदिवसाच्या.

मावशी : आणि तुझं भांडं?

भाची : पाच लिटरचं.

मावशी : मग दोनशे ग्रॅम क्रीम त्या भांड्यात काय करतं? तळाशी पसरतं आणि व्हिस्क वरून जातो, बरोबर? दोन अंड्यांचंही तेच. म्हणजे ज्या कामासाठी घेतलंस तेच काम तो नीट करत नाही.

इथं भाचीजवळ उत्तर नाही, आणि नसावं. मावशीचा हा प्रश्न लातूर-नांदेडच्या घरगुती बेकरसाठी मला निर्णायक वाटतो. केक आपल्याकडे वजनावर विकला जातो, आणि सर्वाधिक मागणी अर्ध्या किलोलाच असणं स्वाभाविक आहे. मोठ्या भांड्याला किमान मात्रा लागते. त्याखाली हवा भरत नाही, मिश्रण कडांना चिकटतं आणि वेग वाढवून उपयोग होत नाही, उलट क्रीम एका जागी फाटतं तर दुसरीकडे पातळ राहतं. यावर मार्ग एकच : तीन-चार ऑर्डरींचं क्रीम एकदम फेटणं. व्हिपिंग क्रीम फ्रिजमध्ये हळूहळू वितळवून, त्यात बर्फाचे कण जेमतेम राहिलेले असताना, भांडं आणि व्हिस्क आधी फ्रीजरमध्ये ठेवून, मध्यम वेगावर फेटायचं आणि लगेच परत फ्रिजमध्ये. मध्यम वेगाचा हट्ट यासाठी की जास्त वेगानं मोठे बुडबुडे होतात, ते उन्हाळ्यात टिकत नाहीत. ज्यांच्याकडे एवढ्या ऑर्डरी एका दिवशी येत नाहीत, त्यांना हातात धरायचा बीटर जास्त कामाचा, आणि तो बराच स्वस्त मिळतो.

वीज जाण्याचा मुद्दा मात्र मावशीनं काढला नाही, तो मी काढतो. मळणी अर्ध्यात थांबली तर पिठाचं काही बिघडत नाही, ते मुरतं. अंड्याचा फेस अर्ध्यात थांबला तर पाणी सुटतं. म्हणून अंडी फेटायची असतील तर ती सकाळी, आणि भारनियमनाची वेळ पाहून. (अंडी कोमट असली की जास्त फुलतात, तेवढ्या एका कामात आपला उन्हाळा मदत करतो.) विद्युतदाब कमी असताना मोटर मंद फिरते, तरी जास्त तापते. घट्ट पुरीची कणीक अशा वेळी तिच्या गळ्यात बांधू नये. दहा मिनिटांनंतर तिला तेवढीच विश्रांती द्यावी.

माझा निवाडा असा. पाव आठवड्याला एकदा, तोही थंडीत करत असाल तर मावशीचं ऐका, परात आणि मुरवणं पुरेसं आहे. दिवसाला अर्ध्या किलोचा एखादाच केक जात असेल तर हातातला बीटर घ्या. पुरणपोळीची कणीक, लोण्याचे केक, नानकटाईचे मोठे घाणे आणि एका वेळी किलो-दीड किलो पावाचं पीठ, हे नेहमीचं असेल तरच स्टँड मिक्सर. घेतलाच असेल तर पुढची खरेदी नव्या साच्यांची करू नका, काट्याचा थर्मामीटर घ्या आणि पहिल्याच मळणीत आपल्या यंत्राचा आकडा काढून भांड्याच्या बुडाला चिकटवून ठेवा.